कळस की काठी?

नोव्हेंबर २०१३ मध्ये शिकागोत कचेरी असलेल्या एका संस्थेने न्यूयॉर्कमधल्या एका पोलादी काठीला कळस म्हणून मान्यता दिली, आणि त्या निर्णयासरशी अमेरिकेतली सर्वांत उंच इमारत शिकागोतून न्यूयॉर्कला गेली. चाळीस वर्षं एका शहराकडे असलेला मान एका बैठकीत दुसऱ्या शहराकडे गेला. संस्थेचं नाव ‘कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट’. कोणती इमारत किती उंच, याचा निवाडा जगभर तिच्याकडून घेतला जात होता. पंचवीस जणांची समिती बसली, नकाशे पाहिले गेले, आणि पंचांनी आपल्याच गावाविरुद्ध कौल दिला. एवढ्यापुरतं त्यांचं कौतुक केलं पाहिजे.

वाद समजायला आकडे पाहावे लागतात. न्यूयॉर्कच्या ‘वन वर्ल्ड ट्रेड सेंटर’ची गच्ची १,३६८ फुटांवर आहे. तिच्यावर ४०८ फुटांची काठी आहे. बेरीज १,७७६, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. ही बेरीज अर्थातच आपोआप आलेली नाही. शिकागोचा विलिस टॉवर, म्हणजे पूर्वीचा सीअर्स टॉवर, गच्चीपर्यंत १,४५० फूट आहे. त्याच्या डोक्यावर दोन अँटेना आहेत, त्या धरल्या तर १,७२९. म्हणजे गच्चीला गच्ची लावली तर शिकागो ८२ फुटांनी उंच. पण न्यूयॉर्कची काठी हा ‘वास्तूचा भाग’ म्हणून धरायची आणि शिकागोच्या अँटेना ही ‘उपकरणं’ म्हणून धरायच्या नाहीत, असं ठरलं. शिकागोच्या तेव्हाच्या महापौरांनी यावर, जे अँटेनासारखं दिसतं आणि अँटेनाचंच काम करतं ते अँटेनाच, अशा अर्थाचा शेरा मारला. त्यात तथ्य होतं. न्यूयॉर्कच्या काठीभोवती मूळ आराखड्यात फायबरग्लासचं घडीव आवरण होतं. ते खर्चाचं आणि देखभालीला अवघड म्हणून २०१२ मध्ये गाळण्यात आलं. आवरण असतं तर कोणी चकार शब्द काढला नसता.

आपल्याकडे देवळाची उंची कोणी विचारली तर ती कळसापर्यंत सांगतात. कळसाशेजारची निशाणाची काठी त्यात कोणी धरत नाही. वाऱ्याने काठी मोडली तर दुसरी लावतात. कळस हलला तर गावाची झोप उडते. एवढा साधा भेद अमेरिकेत पंचवीस तज्ज्ञांकडे का न्यावा लागला, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. मी काही वास्तुशास्त्रज्ञ नाही. बत्तीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. तारण म्हणून आलेल्या इमारतीचं मूल्यांकन कसं करायचं, हे मला रुजू झाल्यावर एका म्हाताऱ्या साहेबांनी एका वाक्यात शिकवलं होतं: जे भाडं देतं ते मोज, बाकीचं बघून ये. पुढे कादंबऱ्या लिहायला लागल्यावर ‘बाकीचं’ हाच माझा विषय झाला, ती गोष्ट वेगळी. पण उंच इमारत दिसली की मी अजूनही आधी खिडक्यांतले दिवे मोजतो.

२०१४ च्या उन्हाळ्यात भाचीकडे गेलो होतो. ती शिकागोजवळच्या नेपरव्हिलला असते. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, “मामा, इथे कुणासमोर ‘विलिस’ म्हणू नकोस हं. सीअर्स म्हणायचं.” आम्ही १०३ व्या मजल्यावर गेलो. तिथे भिंतीबाहेर काढलेल्या काचेच्या पेट्या आहेत; त्यांत उभं राहिलं की पायाखाली १,३५३ फूट खोल रस्ता दिसतो. माझ्यापुढची सात-आठ वर्षांची मुलं तिथे लोळत होती. मी मात्र काठाशीच उभा राहिलो आणि लाज झाकायला भाचीला विचारलं, “या इमारतीतले किती मजले भाड्याने गेलेत गं?” ती म्हणाली, “मामा, लोक इथे लेक मिशिगन बघायला येतात.”

या दोन शहरांचं वैर जुनं आहे. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शिकागोचा मधला भाग बेचिराख झाला. जागा मोकळी झाली, रेल्वे होती, पैसा होता, आणि घाई होती. १८८५ मध्ये तिथे विल्यम ल बॅरन जेनी याची होम इन्शुरन्स इमारत उभी राहिली. दहा मजले, १३८ फूट. आज आपल्या ठाण्या-कल्याणात याहून उंच इमारतींच्या रांगा आहेत. पण वजन भिंतींऐवजी मुख्यतः लोखंडी सांगाड्यावर घेण्याची तिची रीत नवी होती, आणि म्हणून तिला पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात. न्यूयॉर्कवाले अर्थातच म्हणत नाहीत. जुन्या रीतीने किती जाता येतं ते पाहायचं असेल तर शिकागोतच १८९१ ची मोनॅडनॉक इमारत आहे. तिच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात सोळा मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवर आहे आणि त्या भिंती तळाशी सहा फूट जाड आहेत. म्हणजे रस्त्यालगतच्या सर्वांत महाग जागेत सहा-सहा फूट नुसती वीट. भाड्याच्या हिशेबात हे बसणारं नव्हतं. लोखंडी सांगाडा सौंदर्यासाठी आला नाही. भिंतीत गेलेली जागा परत मिळवायला आला.

कोलंबसाच्या चारशेव्या वर्षाचं जागतिक प्रदर्शन कुठे भरवायचं यावरून १८९० मध्ये दोन्ही शहरं अमेरिकन काँग्रेसपुढे भांडली. न्यूयॉर्कच्या धनाढ्यांनी बोली वाढवली, तेव्हा लायमन गेज या शिकागोच्या बँकरने एका दिवसात आणखी लाखो डॉलर उभे करून दाखवले. प्रदर्शन शिकागोला मिळालं आणि गेजसाहेब पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. बँकवाल्याचं नाव इतिहासात सहसा दिवाळं निघाल्यावरच येतं, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

आणि गंमत पाहा, प्रदर्शन भरलं त्याच १८९३ मध्ये शिकागोने इमारतींच्या उंचीवर १३० फुटांची मर्यादा घातली. हवा, उजेड, आगीचं भय ही कारणं सांगितली गेली. पण बाजारात फार गाळे आले तर आपले रिकामे राहतील, या धास्तीने जमीनमालकांचाही तिला पाठिंबा होता. पुढे ही मर्यादा कधी वाढवली, कधी उतरवली, पण ती राहिली. न्यूयॉर्कने उंचीला हातच लावला नाही. १९१६ च्या तिथल्या नियमाने इमारत वर जाताना मागे सरली पाहिजे असं सांगितलं. मात्र जमिनीच्या चौथ्या हिश्श्यावर मनोरा हवा तितका उंच न्यायला मोकळीक ठेवली. म्हणून शिकागोच्या त्या काळातल्या इमारती मधे चौक असलेल्या वाड्यासारख्या चौकोनी आणि न्यूयॉर्कच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या, वर सुईसारख्या. कॅरल विलिस या इतिहासकार बाईंनी १९९५ मध्ये या दोन शहरांवर एक पुस्तक लिहिलं, त्यांचा सिद्धांतच असा की इमारतीचा आकार पैशाच्या मागून जातो. (त्यांचा आणि विलिस टॉवरचा संबंध नाही.) निवृत्तीनंतर ते वाचलं तेव्हा वाटलं, हे आमच्या कर्ज विभागात १९८५ मध्येच लावून ठेवायला हवं होतं.

न्यूयॉर्कच्या सुईची सुरुवात मात्र अगदी सभ्य होती. १९१३ ची वूलवर्थ इमारत, ७९२ फूट. पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानदाराने ती बांधली, सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर खर्चून, आणि रोख. गहाणखत नाही, हप्ता नाही. एवढ्या उंचीची, बिनकर्जाची इमारत पुन्हा क्वचितच झाली असेल. माझ्या मते न्यूयॉर्कमधली सर्वांत देखणी इमारत तीच, आणि या मताचा तिच्या ताळेबंदाशी संबंध नाही असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

पुढची गोष्ट वाचकांना थोडीफार माहीत असेल. १९२९ मध्ये क्रायस्लर इमारत आणि ४० वॉल स्ट्रीट यांच्यात चुरस लागली. क्रायस्लरच्या वास्तुशिल्पज्ञाने १८५ फुटांचं टोक इमारतीच्या पोटात गुपचूप जोडून ठेवलं आणि प्रतिस्पर्ध्याची उंची ठरून गेल्यावर दीड तासात वर काढलं. तो दिवस २३ ऑक्टोबर १९२९. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेच्या गुरुवारी, शेअर बाजार कोसळायला लागला. कादंबरीत हे असं लिहिलं तर संपादक म्हणतील, फार जुळवलंय.

तरीही एम्पायर स्टेट झाली. तिच्यामागे जॉन रॅस्कॉब होता, जनरल मोटर्सच्या पैशाचा कारभार पाहिलेला माणूस. बाजार पडण्याच्या दोनच महिने आधी त्याने एका महिला मासिकात, प्रत्येकाने श्रीमंत व्हायलाच हवं आणि ते हप्त्याहप्त्याने शेअर घेऊन होता येतं, असं सांगितलं होतं. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने २ कोटी ७५ लाख डॉलरचं कर्ज दिलं. ४१० दिवसांत इमारत उभी राहिली आणि १ मे १९३१ रोजी उघडली. १,२५० फूट. त्यातले वरचे दोनशे फूट म्हणजे हवाई जहाजं बांधायचा खांब, असं सांगण्यात आलं. तिथल्या वाऱ्यात ते कधीच व्यवहारात उतरलं नाही. उघडली तेव्हा इमारतीचा जेमतेम चौथा हिस्सा भाड्याने गेला होता. लोक तिला ‘एम्प्टी स्टेट’ म्हणू लागले. रिकाम्या मजल्यांवर रात्री दिवे लावून ठेवत, असं सांगतात. पहिल्या वर्षी गच्चीवरून शहर बघायला येणाऱ्यांच्या तिकिटांचे पैसे जवळपास भाड्याएवढे झाले. नफा दिसायला १९५० च्या आसपासचं साल उजाडलं. म्हणजे मुलगा जन्मला, शाळेत गेला, मोठा झाला, तरी हप्ते चालूच. ज्या खात्याला आमच्याकडे नव्वद दिवसांत थकीत ठरवतात, ते या महाशयांनी वीस वर्षं जगवलं. इमारत आज जगाची लाडकी आहे, पण लाडकी असणं आणि वेळेवर हप्ता भरणं यांचा संबंध नसतो, हे कोणत्याही वसुली अधिकाऱ्याला विचारा.

शिकागोने दीर्घ काळानंतर उत्तर दिलं, आणि ते दिलं ढाक्यात जन्मलेल्या एका माणसाने. फजलुर रहमान खान, जन्म १९२९. कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आणि ढाक्याला शिकला, १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर इलिनॉयला आला आणि पुढे शिकागोतल्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्मचा भागीदार झाला. बांगलादेशच्या मुक्तिलढ्याच्या वेळी, १९७१ मध्ये, या माणसाने शिकागोतून आपल्या लोकांसाठी धडपड केली. १९८२ मध्ये जेद्दाह इथे तो गेला; त्याची कबर शिकागोत आहे. भाचीला त्याचं नाव माहीत नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. मग आठवलं, मलाही पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

खानचं म्हणणं साधं होतं. इमारत जसजशी उंच होते तसतसं तिचं खरं भांडण स्वतःच्या वजनाशी राहत नाही, वाऱ्याशी होतं. आतल्या खांबांची जाळी वाढवत जाऊन वाऱ्याशी भांडायचं म्हणजे पोलाद भरमसाट लागतं. वरच्या प्रत्येक मजल्यासाठी खालच्यांना दंड भरावा लागतो. त्याऐवजी बळ बाहेरच्या कवचात ठेवावं, म्हणजे सबंध इमारत एका पोकळ नळीसारखी वागते. एम्पायर स्टेटला दर चौरस फुटामागे सुमारे ४२ पौंड पोलाद लागलं होतं. खानच्या शंभर मजली जॉन हॅन्कॉक सेंटरला लागलं तीसच्या आत. ही बचत पाहून माझ्यातला बँकवाला आजही टोपी काढतो. मग सीअर्स टॉवर. त्याचा सहकारी ब्रूस ग्रॅहम याने मुठीत सिगारेटी धरून त्या कमी-जास्त वर सरकवून दाखवल्या आणि कल्पना ठरली, असं सांगतात. आपल्याकडे त्याने उसाची मोळी दाखवली असती. एकटा ऊस वाऱ्याने लवतो, मोळी लवत नाही. पंचाहत्तर-पंचाहत्तर फुटांच्या नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. पन्नासाव्या मजल्यावर दोन थांबल्या, पुढे आणखी काही, आणि शेवटपर्यंत फक्त दोन गेल्या. पोलाद, चौरस फुटाला ३३ पौंड.

हा आकारही हिशेबातूनच आला होता. सीअर्स तेव्हा जगातली सर्वांत मोठी किरकोळ विक्री करणारी कंपनी. तिला आपल्या माणसांसाठी खाली मोठाले मजले हवे होते. वरचे लहान मजले भाड्याने द्यायचे आणि कंपनी वाढत जाईल तसतसे ते आपल्याकडे घ्यायचे, असा बेत. काम १९७० मध्ये सुरू झालं, १९७४ मध्ये पुरं झालं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कने आपले जुळे मनोरे थाटात उघडले होते. त्यांतला उंच मनोरा १,३६८ फुटांचा. ते एका सरकारी प्राधिकरणाने बांधले आणि गिऱ्हाईक कमी पडलं तेव्हा राज्य सरकारच्या कचेऱ्यांनी मजलेच्या मजले भाड्याने घेतले. शिकागोवाल्यांना हे सांगताना अजून गुदगुल्या होतात.

पण शिकागोचं तरी काय झालं? कंपनी वाढलीच नाही. वरचे मजले कित्येक वर्षं ओस पडले. १९९२ पासून सीअर्सने आपली माणसं उपनगरात हलवायला घेतली. १९९४ मध्ये इमारत विकली तेव्हा एक तृतीयांश रिकामी होती. विकत घेणाऱ्याला पैसे कोणी पुरवले? त्याच मेट्रोपॉलिटन लाइफने, जिने एम्पायर स्टेटला पुरवले होते. आणि २००३ मध्ये ती इमारत तिच्याच गळ्यात आली. २००९ मध्ये विलिस नावाच्या विमा-दलाल कंपनीने दीड लाखालाही कमी चौरस फूट जागा भाड्याने घेतली आणि भाड्याच्या बोलीतच इमारतीला आपलं नाव लावून घेतलं. सीअर्स कंपनीने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. भाची आणि तिच्यासारखे लाखो लोक जे नाव हट्टाने घेतात ते आता जवळजवळ एका मेलेल्या दुकानाचं आहे. आपल्या नरिमन पॉइंटच्या एअर इंडिया इमारतीला तरी आपण दुसरं काय म्हणतो? तीही १९७४ चीच. कंपनीचं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं.

तर न्यूयॉर्कने उंची आधी ठरवली आणि हिशेब मागून जुळवला. शिकागोने हिशेब आधी मांडला आणि तोही चुकला. या दोहोंतली कोणती चूक मोठी, हे मी बरीच वर्षं ठरवू शकलो नव्हतो. आता वाटतं की पहिली. कारण दुसऱ्या चुकीत निदान कुणीतरी प्रश्न विचारलेला असतो.

हे मी तत्त्वज्ञान म्हणून लिहीत नाही. १९९५ मध्ये नरिमन पॉइंटचे दर जगातल्या सर्वांत महाग जागांशी स्पर्धा करत होते आणि त्याची झळ उपनगरांपर्यंत पोचली होती. माझ्या टेबलावर एका बिल्डरचा प्रस्ताव आला. व्यापारी संकुल, रस्त्यापलीकडे त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं आठ मजली संकुल चाललेलं, म्हणून याचं दहा मजली. माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्याने टिपण्णीत लिहिलं होतं: नववा आणि दहावा मजला यांना आजमितीस एकही ग्राहक नाही, ते वगळून कर्जाची रक्कम ठरवावी. मी ती ओळ खोडली. बाजार चढा होता, साहेबांना उद्दिष्ट गाठायचं होतं, मला बढतीची मुलाखत होती. शिवाय खरं सांगायचं तर, आपल्या शाखेच्या कर्जावर त्या रस्त्यावरची सर्वांत उंच इमारत उभी राहणार, हे मला आवडलं होतं. दोन वर्षांत दर पडले. मी पाहणीला गेलो तेव्हा दहाव्या मजल्यावर एक खुर्ची, वॉचमनचा डबा आणि कबुतरं होती. खातं थकलं. चौकशी झाली. टिपण्णीवर सह्या दोघांच्या होत्या आणि खोडलेली ओळ स्वच्छ प्रतीत उरलीच नव्हती. माझं समज देऊन भागलं, त्याची बढती तीन वर्षं मागे गेली. त्याने त्याबद्दल मला कधी शब्दाने विचारलं नाही. त्यामुळे वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काठीवर हसताना मी जरा जपून हसतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही स्पर्धा दोन्ही शहरांच्या हातून निसटली. १९९६ मध्ये याच कौन्सिलने क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांची टोकं उंचीत धरली आणि जागतिक मान शिकागोकडून काढून घेतला. मलेशिया आणि शेजारी देशांचं चलन पुढच्या वर्षी घसरलं. अँड्र्यू लॉरेन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९९ मध्ये अशा जोड्या जुळवून सर्वांत उंच इमारत म्हणजे मंदीची नांदी असा निर्देशांकच मांडला. मला तो पटत नाही. वूलवर्थ त्यात बसत नाही. उंची संकट आणत नाही. पैसा स्वस्त असताना उंची सुचते आणि ती पुरी होईपर्यंत पैसा महाग झालेला असतो, एवढंच. दुबईचं उदाहरण घ्या. ८२८ मीटरची ती इमारत बुर्ज दुबई म्हणून बांधली गेली. डिसेंबर २००९ मध्ये कर्जात रुतलेल्या दुबईला शेजारच्या अबुधाबीने हजार कोटी डॉलर दिले, आणि ४ जानेवारी २०१० ला उद्‌घाटन झालं ते अबुधाबीच्या शेखांच्या नावाने, बुर्ज खलिफा म्हणून. जामीनदाराचं नाव करारात बारीक अक्षरांत असतं हे मला ठाऊक होतं. ते दर्शनी पाटीवर मी पहिल्यांदा पाहिलं. त्या इमारतीच्या वरच्या २४४ मीटरमध्ये कोणी राहत नाही, बसत नाही. ही मोजणी पुन्हा त्याच कौन्सिलची, २०१३ मधली. तिचा आराखडाही शिकागोतल्या त्याच खानच्या फर्मने केला. पोरगी सासरी गेली तरी माहेरचं वळण सुटत नाही.

आता त्या काठीकडे परत येतो. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये २,७५३ माणसं गेली. नव्या इमारतीची गच्ची १,३६८ फुटांवर ठेवली आहे ती पडलेल्या उंच मनोऱ्याएवढी. ही गोष्ट तिथे जाईपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. खाली जुन्या मनोऱ्यांच्या जागी केलेल्या कुंडांच्या काठावर नावं कोरलेली आहेत, काही भारतीय नावं आहेत, आणि पाण्याच्या आवाजात कोणी मोठ्याने बोलत नाही. तिथे उभं राहून वर पाहिलं तर गच्ची पुरेशी उंच वाटते. तिच्यावर सालाची बेरीज जुळवायला ४०८ फूट काठी हवी होती का, हे मी विचारणार नाही. शोक आणि हट्ट वेगळे काढता येत नाहीत. पण हिशेब विचारेन. सुमारे ३९० कोटी डॉलर लागले, पैसा पुन्हा सरकारी प्राधिकरणाचा, म्हणजे पूल आणि बोगदे ओलांडून रोज कामाला जाणाऱ्यांच्या टोलचाही. २०१४ मध्ये उघडली तेव्हा साठेक टक्केच जागा गेली होती. मूल्यांकन अहवालात मी गच्चीपर्यंतच मोजलं असतं. कौन्सिलच्या समितीत असतो तर बहुधा इतरांबरोबर हात वर केला असता. खोडलेल्या ओळीचा अनुभव मला आहेच.

कोविडनंतर तर प्रश्नच पालटला. माणसं घरून काम करू लागली आणि दोन्ही शहरांतल्या जुन्या कचेऱ्यांच्या खिडक्या काळ्या झाल्या. क्रायस्लर इमारतीखालची जमीन कूपर युनियन या कॉलेजची आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २००८ मध्ये अबुधाबीच्या एका फंडाने इमारतीचा ९० टक्के हिस्सा ८० कोटी डॉलरला घेतला. २०१९ मध्ये सगळी इमारत सुमारे १५ कोटींना गेली. मधे काय झालं? २०१८ मध्ये जमिनीचं वार्षिक भाडं ७७ लाख ५० हजारांवरून ३ कोटी २५ लाखांवर गेलं होतं. नव्या मालकांपैकी एक ऑस्ट्रियन कंपनी २०२३ मध्ये बुडाली आणि २०२४ मध्ये कॉलेजने भाडेपट्टा संपवल्याची नोटीस दिली. १९२९ मध्ये वर काढलेलं ते टोक अजून ऊन पडलं की झळकतं. पण त्या सगळ्या व्यवहारात ज्याला ठरल्यासारखं काही मिळत आलं तो खालचा, जमिनीचा धनी, आणि तो एक शिक्षणसंस्था आहे, याचं मला समाधान वाटतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर जे. पी. मॉर्गन चेस बँकेने आपलं नवं मुख्यालय उघडलं. १,३८८ फूट. त्याच जागेवरची बावन्न मजली धडधाकट इमारत पाडून. त्याच वर्षी मार्चपासून बँकेने आपल्या माणसांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत यायला सांगितलं होतं. रिकाम्या मजल्यांचा प्रश्न सोडवायची ही एक रीत झाली.

शिकागोत शेवटच्या दिवशी भाचीने मला एक खड्डा दाखवायला नेलं होतं. तळ्याकाठी दोन हजार फुटांचा, पिळाच्या आकाराचा ‘शिकागो स्पायर’ व्हायचा होता. २००७ मध्ये काम सुरू झालं, २००८ मध्ये थांबलं. पैसा एका आयरिश बँकेचा होता. ती जानेवारी २००९ मध्ये तिथल्या सरकारने ताब्यात घेतली. मागे राहिला ११० फूट रुंद, ७६ फूट खोल, गोल खड्डा. कुंपणाच्या फटीतून पाहिलं, तळाशी पाणी होतं आणि काँक्रीटच्या कडेने रानगवत उगवलं होतं. मी बराच वेळ तिथे उभा होतो. शंभर मजल्यांवरच्या काचेत जे धैर्य झालं नव्हतं ते इथे सहज झालं.

२०२४ मध्ये त्या जागेवर दुसऱ्या मालकाने काम सुरू केलं. इमारत मूळ स्पायरच्या निम्म्याहूनही कमी उंचीची आहे आणि घरं भाड्याने द्यायची आहेत. भाचीने क्रेनचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, “मामा, तुझा खड्डा बुजला.” मी फोटो मोठा करून पाहिला. खालच्या मजल्यांना अजून काचा बसायच्या होत्या.